वरणाचं पाणी नको, वरण द्या: नळीनं जेवणाऱ्या माणसाच्या घरच्यांसाठी

सकाळी साडेसातला आमच्या आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर डबे येऊन बसलेले असतात. जतचे, कवठेमहांकाळचे, तासगावचे, पलीकडून, कर्नाटकातल्या अथणी-कागवाडचे. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला, तेव्हापासून दोन्हीकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेची वाट धरतात. त्या डब्यांत काय आहे ते बघणं हे माझं काम. मी आहारतज्ज्ञ आहे. आणि बहुतेक डब्यांत पाणी असतं.

जतहून आलेल्या एका सूनबाईंचा डबा आठवतो. सासऱ्यांच्या नाकात नळी टाकून आठवडा झाला होता. "मामांना उपाशी ठेवलं न्हाई मॅडम. सकाळपासनं वरणाचं निवळ दिलंय, दोन शहाळी दिली, मोसंबीचा रस दिला की." मी ते निवळ काचेच्या ग्लासात ओतलं आणि खिडकीशी धरलं. ग्लासातून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचता येत होती. खालची घट्ट डाळ कुठं गेली विचारलं, तर ती सोबत थांबलेल्या दोघांनी भाताबरोबर खाल्लेली. पेशंटच्या पोटात दिवसाला दीड लिटर जात होतं, पण बेरीज केली तर चारशे कॅलरीसुद्धा भरत नव्हत्या. त्यांना लागत होत्या चौदाशेच्या आसपास.

नळीतून जातं ते औषध नव्हे, तीर्थ नव्हे, ते त्या माणसाचं जेवण आहे. पातळ असलं तरी जेवणच असलं पाहिजे. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

१. आयसीयूत असेपर्यंत

"सलाईन चालू आहे, म्हणजे काहीतरी जातंय पोटात" हे मी रोज ऐकते. नॉर्मल सलाईनच्या बाटलीत कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे शंभर कॅलरीही नाहीत. म्हणून आतडी काम करत असतील तर दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांत नळीनं फीड, म्हणजे पातळ जेवण, चालू करायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. बीपी फार पडलेलं असेल आणि ते वर आणायची औषधं वाढवावी लागत असतील, आतड्यात अडथळा असेल, पोटात रक्तस्राव होत असेल, तर थांबावं लागतं. तेव्हा "अजून का नाही?" म्हणून वाद घालण्यापेक्षा "कशासाठी थांबलाय, परत कधी बघणार?" असं विचारा, उत्तर नीट मिळतं.

सुरुवात पंपावर ताशी वीसेक मिलीनं होते. पहिले तीन-चार दिवस मुद्दामच कमी दिलं जातं. शरीर आजाराच्या भरात स्वतःचेच साठे मोडून साखर तयार करत असतं, त्यावर आणखी भरपूर ओतलं तर फायदा होत नाही, उलट रक्तातली साखर चढते. मग हळूहळू वाढवतात. पण ते वाढवायचं राहून जाऊ नये, यावर तुमचीही नजर असू द्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला होता. दहा दिवसांत त्याची जाडी-रुंदी मिळून सरासरी १७ टक्क्यांहून जास्त घट झाली होती. व्हेंटिलेटरवरून उतरलेला माणूस कूस बदलायलाही का थकतो, ते यातून कळतं. ही घट नुसत्या खाण्यानं थांबत नाही, पण खाणं कमी पडलं तर भरूनही येत नाही.

एक गोष्ट मात्र लपवू नका. पेशंट आधीच महिनाभर नीट जेवत नसेल, रोज दारू घेत असेल, टीबी किंवा कॅन्सरनं वाळलेला असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. अशा माणसाला एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांना खायला दिल्यावर डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. म्हणून अशा रुग्णाला आधी बी-वन जीवनसत्त्व देतात, रक्त तपासत राहतात आणि फीड अगदी हळू चढवतात. घरच्यांची लाज आणि पेशंटचा जीव एकाच तागडीत घालू नका.

२. डिस्चार्जच्या आधी दोन आकडे लिहून घ्या

किती कॅलरी आणि किती प्रथिनं. आजारातून सावरणाऱ्या प्रौढ माणसाचा ढोबळ हिशेब असा: वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५५ किलोच्या माणसाला किमान १३७५ कॅलरी आणि ६६ ग्रॅम प्रथिनं. किडनी किंवा लिव्हरचा त्रास असेल, साखर असेल, माणूस फार जाड किंवा फार बारीक असेल तर आकडे वेगळे. ते तुमच्याच डॉक्टरांकडून घ्या, शेजारच्या बेडवाल्याचा कागद मोबाईलवर काढून नेऊ नका. दिवसाला एकूण पाणी किती, हेही त्याच कागदावर असू द्या. हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटला ते फार महत्त्वाचं.

३. नळीची ओळख

आपल्याकडं सगळे तिला राइल्स ट्यूब म्हणतात. जॉन राइल या इंग्रज डॉक्टरचं नाव तिला चिकटलंय. नाकातून जठरापर्यंत जाते. जाडी फ्रेंच या मापात मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. १४ नंबरची नळी म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास, तीही बाहेरून. आतलं भोक त्याहून लहान. फीड किती बारीक वाटायला हवं, याचा अंदाज यावरून घ्या.

नाकपुडीच्या कडेला नळीवर जो सेंटिमीटरचा आकडा दिसतो, तो घरी जाण्याआधी वहीत लिहा आणि तिथं पेननं खूण करा. नळी टाकल्यावर ती जठरातच आहे हे दवाखान्यात एक्स-रेनं बघितलेलं असतं. घरी तुमच्याकडं ती खूणच आहे. प्रत्येक फीडच्या आधी तीन गोष्टी बघा: खूण जागेवर आहे, तोंड उघडलं तर मागं घशात नळीचं वेटोळं दिसत नाही, आणि पेशंटला नवा खोकला किंवा धाप नाही. सिरिंजनं थोडं ओढून पाहिलं तर आंबूस पाणी किंवा आधीचं फीड येतं. शक्य असेल तर पीएच पट्टी ठेवा. ५.५ किंवा त्याखाली आलं तर नळी जठरात असल्याची खात्री धरतात. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आकडा वर येऊ शकतो, अशा वेळी सिस्टरना फोन करा.

सिरिंजनं हवा मारायची आणि पोटाला कान लावून आवाज ऐकायचा, ही पद्धत अजून पुष्कळ जण शिकवतात. नळी फुप्फुसात असली तरी असा आवाज येऊ शकतो. तिच्यावर विसंबू नका. खूण सरकली असेल तर फीड थांबवा. ढकलून बसवायचा प्रयत्न नको.

४. डबा

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

दवाखान्यात पेशंट असेपर्यंत तयार पावडरचं फीड बरं. माप ठरलेलं असतं, जंतूंचा धोका कमी. घरी महिनोन्महिने तेच परवडत नाही, म्हणून घरचं फीड. दोन्ही मिळून दिलं तरी चालतं. पावडर वापरत असाल तर डब्यावरच्या मापानंच कालवा. "जास्त ताकद" म्हणून घट्ट केली तर जुलाब, आणि महाग म्हणून पातळ केली तर परत वरणाचं पाणीच.

दिवसाच्या दीड लिटर घरच्या फीडचा हा एक नमुना. साखर-किडनीचा त्रास नसलेल्या ५५ किलोच्या माणसासाठी:

गाईचं दूध ६०० मिली, स्किम्ड दूध पावडर ५० ग्रॅम, मुगाची सालं काढलेली डाळ ६० ग्रॅम, तांदूळ ६० ग्रॅम, उकडलेली अंडी दोन, तेल २५ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम. मीठ डॉक्टर सांगतील तेवढं.

याची बेरीज १४८० कॅलरींच्या जवळपास आणि प्रथिनं ६७ ग्रॅमच्या आसपास होतात. गरजेपेक्षा कॅलरी थोड्या जास्त धरल्यात, कारण गाळणीवर आणि भांड्याला चिकटून काही ना काही जातंच. अंडं चालत नसेल तर त्याऐवजी दूध पावडर आणखी ३५ ग्रॅम घ्या. म्हशीचं दूध घरचंच असेल तर वापरा. त्यात स्निग्धांश जास्त, म्हणून तेल दोन चमचे कमी.

डाळ-तांदूळ एकत्र, नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून, कुकरला पाच-सहा शिट्ट्या. बोटानं दाबलं की राहू नये इतकं मऊ. गार झाल्यावर अंड्यासकट मिक्सरला लावा, दोन मिनिटं नुसतं फिरवून चालत नाही, थांबून थांबून तीन वेळा फिरवा. मग बारीक स्टीलच्या गाळणीतून चमच्यानं घासून काढा. फडक्यातून गाळू नका. फडकं डाळ ठेवून घेतं आणि पाणी सोडतं, म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. शेवटी उकळून कोमट केलेल्या दुधात पावडर, साखर, तेल मिसळून सगळं एकत्र करा, आणि उकळून गार केलेलं पाणी घालून दीड लिटर भरा. सिरिंजच्या नळकांड्यात ओतून बघा. आपल्या वजनानं सरळ खाली उतरलं पाहिजे. दट्ट्या लावावा लागला तर अजून पातळ करायचं.

आता माझी स्वतःची चूक सांगते. नवीन होते तेव्हा कागदावर "डाळ २ वाट्या" असं लिहून द्यायची. माझ्या मनात कच्ची डाळ, आमटीची लहान वाटी. आटपाडीकडच्या एका घरानं पंधरा दिवस शिजवलेलं पातळ वरण दोन वाट्या मोजून घातलं. चूक त्यांची नव्हती. पेशंट पुन्हा आला तेव्हा खांद्याची हाडं वर आलेली. तेव्हापासून मी "कच्ची, वजन करून" असं लिहिते, आणि घरात काटा नसेल तर किराणा दुकानात डाळीच्या आणि तांदळाच्या साठ-साठ ग्रॅमच्या सात पुड्या बांधून घ्यायला सांगते. आठवडा निघतो.

काही बारीक गोष्टी. नाचणीचं सत्त्व चांगलं, पण गार झालं की खळ होते आणि नळी हमखास बसते, म्हणजे तुंबते. द्यायचं तर फार पातळ आणि लगेच. कच्चं अंडं कधीही नको. लिंबू, मोसंबी, ताक हे दुधाच्या फीडला लागून देऊ नका, नळीतच दूध फाटतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनीच्या पेशंटला विचारल्याशिवाय नको. बाकीच्यांनी ते पाण्याऐवजी द्यावं, जेवणाऐवजी नव्हे. आणि हळद घालू नका. सांगलीत हे सांगणं म्हणजे पाप आहे, मला माहीत आहे. पण पिवळ्या फीडमुळं नळीतून मागं आलेलं पित्त आहे की कालची डाळ, हे आम्हाला कळत नाही.

सकाळी अर्धं करा, दुपारी अर्धं करा. फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरेल ते टाका. एप्रिल-मेमध्ये जत-आटपाडीकडं घरात ठेवलेलं फीड दोन तासांत आंबायला लागतं. एका वेळचं बाहेर काढा, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, उरलेलं परत फ्रिजमध्ये नको. लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर मिक्सरचं काम आधी उरकून घ्या.

५. देताना

सहा वेळा, अडीचशे मिली: सकाळी सहा, नऊ, बारा, दुपारी तीन, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. रात्री झोपू द्या, त्यांनाही आणि स्वतःलाही.

हात साबणानं धुवा. पेशंटला निदान ३० ते ४५ अंश उठवून बसवा. डोक्याखाली दोन उशा म्हणजे उठवणं नव्हे. त्यानं मान वाकते, पोट दबतं, छाती आडवीच राहते. गादीखाली पाठीपासून लोड लावा, गुडघ्याखाली एक उशी, म्हणजे माणूस घसरत नाही. गळ्याला श्वासाची नळी असलेल्या पेशंटचं सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं, फीडच्या आधी करून घ्या, नंतर केलं तर उबळ येऊन उलटी होते.

तीस मिली पाणी. मग सिरिंजचं नळकांडं नळीला लावून, नळी चिमटीत दाबून फीड ओता आणि चिमूट सोडा. नळकांडं पेशंटच्या डोक्यापेक्षा वीतभर वर. वर नेलं की वेग वाढतो, खाली आणलं की कमी होतो. अडीचशे मिलीला वीस मिनिटं लागली पाहिजेत. नळकांडं पूर्ण रिकामं व्हायच्या आत पुढचं ओता, नाहीतर पोटात हवा जाते. शेवटी परत तीस मिली पाणी, टोपण बंद, आणि पुढचा तासभर पेशंट बसलेलाच. देता देता खोकला, ओठ निळसर, घुसमट असं काही दिसलं तर तिथंच थांबा.

तोंडानं खात नसला तरी दात-जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, आणि तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

६. गोळ्या

नळी बंद पडण्याचं पहिलं कारण डाळ नव्हे, गोळ्या. औषध सिरपमध्ये मिळतं का ते आधी विचारा. गोळीच द्यायची तर प्रत्येक वेगळी कुटा, पाण्यात विरघळवा, दोन गोळ्यांच्या मध्ये १५-२० मिली पाणी सोडा. फीडमध्ये मिसळू नका. नावापुढं एसआर, एक्सआर, सीआर असं काही असेल किंवा गोळी आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची असेल तर ती कुटायचीच नाही. दिवसभराचं औषध एकदम अंगात जाईल किंवा जठरातच वाया जाईल. डॉक्टरांकडून पर्याय घ्या. फिटच्या फेनिटॉइनच्या आधी आणि नंतर तास-दोन तास फीड नको, ते शोषलं जात नाही.

इन्सुलिन चालू असेल तर एक नियम भिंतीवर लिहा: आधी नळी तपासा, फीड जाणार याची खात्री करा, मगच इन्सुलिन. इन्सुलिन टोचलं आणि नळी बसलेली निघाली, तर साखर धोकादायक खाली जाते.

७. बिघडलं तर

नळी बसली: कोमट पाणी सिरिंजनं हलकं मागं-पुढं करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, परत करा. कोल्ड्रिंक ओतू नका, त्यातल्या आंबटपणानं प्रथिनं अजून घट्ट होतात. तार-काडी घालायची नाही. नाही सुटली तर बदलावी लागेल.

जुलाब झाले की घरचे फीड बंद करतात. आपल्या मनानं करू नका. बऱ्याचदा कारण अँटिबायोटिक, गोड सिरप, घाईनं ओतलेलं फीड किंवा नीट न उकळलेली सिरिंज-भांडी असतं. ते बघा, सावकाश द्या, दोन दिवसांत थांबलं नाही किंवा रक्त दिसलं तर दाखवा. उलटी झाली, पोट टणक फुगलं, तर पुढचं फीड थांबवून फोन करा.

नळी निघून आली: पेशंटनं उपटली तरी घाबरू नका, जीवावरचं नाही. घरी परत घालू नका, ओळखीचा कंपाउंडर म्हणाला तरीही नको. पण धाप, ताप आणि छातीत घरघर, काळी किंवा कॉफीसारखी उलटी, गुंगी, हे दिसलं तर १०८ ला फोन करा.

नाकपुडीला रोज पट्टीची जागा बदला, नाहीतर जखम होते. नळी किती दिवसांनी बदलायची ते तिच्या प्रकारावर आहे. साधी पीव्हीसीची लवकर कडक होते, सिलिकॉन-पॉलियुरेथेनची जास्त टिकते. तारीख वहीत लिहून घ्या. चार-सहा आठवड्यांच्या पुढं नळी लागणार असं दिसलं तर पोटावरून थेट जठरात बसवायच्या पेगबद्दल विचारा. "पोटाला भोक" म्हणून घरं घाबरतात. दुर्बिणीतून, पोट न चिरता बसवतात, आणि नाक-घसा मोकळा होतो.

८. तोंडानं कधी

पेशंट शुद्धीवर आला की पहिली मागणी चहाची. आणि पहिली चूकही चहाचीच, कारण पातळ पदार्थ गिळायला सगळ्यात अवघड. तो सुळकन श्वासनलिकेत जातो, आणि अर्धांगवायूच्या पेशंटला कधी कधी खोकलासुद्धा येत नाही. गिळण्याची तपासणी करून घ्या, मग ठरेल काय आणि किती घट्ट. तोंडानं सुरू झालं म्हणून नळी लगेच काढत नाहीत. तोंडानं जेवढं जातं ते मोजून तेवढं नळीतून कमी करत जातात.

जतचे ते मामा सहा आठवड्यांनी तपासणीला आले, खुर्चीत बसून. सूनबाईंच्या वहीत रोजचा आकडा होता, वजनाचाही. गिळण्याच्या तपासणीत पहिला चमचा घट्ट दह्याचा दिला. त्यांनी मान खाली घालून तो गिळला, थोडा वेळ थांबले, आणि सुनेकडं बघून म्हणाले, "आंबट हाय."